रात्रपाळीचा आठवडा: सोलापुरातल्या एका घरातलं मोबाईलचं प्रकरण

सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर एक आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मी सोलापुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत समुपदेशक आहे. पालक न बोलावता येतात तेव्हा गोष्ट बरीच पुढं गेलेली असते, हे आता अनुभवानं कळतं. त्यांनी पिशवीतून भिशीची वही काढून टेबलावर ठेवली. "मॅडम, सहा हजार तीनशे चाळीस रुपये गेले. पोरानं खेळात घातले. ह्यांनी पट्ट्यानं मारलं त्याला. परवापासून कुणाशी बोलंना झालाय."

मुलगा सातवीत, तेरावं लागलेलं. धाकटी बहीण तिसरीत. ती त्याला दादा म्हणते, म्हणून इथं मीही दादाच म्हणणार आहे. घरच्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर पूर्व भागातलं, एक खोली आणि स्वयंपाकघर. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. आई शाळेच्या गणवेशाचे शर्ट शिवतात. सोलापूरची चादर सगळ्यांना माहीत असते, पण गणवेशाच्या धंद्यावर इथल्या कितीतरी घरांच्या चुली पेटतात हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. कापलेल्या मालाचे गठ्ठे घरी येतात, शिवून परत जातात, पैसे नगावर मिळतात. आजी पुढच्या गल्लीत थोरल्या काकांकडे असतात. घरात फोन दोन. एक वडिलांचा, तो त्यांच्या खिशात. दुसरा आईंचा, ज्याला सगळे 'घरचा मोबाईल' म्हणतात.

पैसे कसे गेले

या घरातला मोबाईलचा जाणकार म्हणजे दादाच. गॅसचा नंबर लावणं, लाईट बिल भरणं, भिशीचे पैसे काकूंना पाठवणं, सगळं तोच करायचा. आईंना पिन टाकायची भीती वाटायची. चुकीचं बटण दाबलं तर पैसे जातील, म्हणून त्या फोन त्याच्याकडं द्यायच्या आणि पिन तोंडानं सांगायच्या. दोन वर्षं असंच चाललं होतं. चौथी-पाचवीपासून घराचा व्यवहार ज्याच्या बोटावर आहे, त्याला एके दिवशी कळलं की याच पिननं खेळातल्या शिपायाला नवे कपडे, नवी बंदूक घेता येते. पोरं त्याला 'स्किन' म्हणतात. ऐंशी, दीडशे, एकदा चारशे, अशा छोट्या रकमा. बँकेचे मेसेज तो पुसून टाकायचा. भिशीचा हप्ता द्यायचा दिवस आला तेव्हा खात्यात पैसेच नव्हते.

त्यानं चोरी केली का? वडिलांचं उत्तर तयार होतं. मी दादाला विचारलं तेव्हा तो बराच वेळ खिडकीकडं बघत राहिला आणि म्हणाला, "पेटी उघडायची असती. कधी चांगली स्किन निघती, कधी काहीच नाही. पुढच्या वेळी निघंल असं वाटतं."

हे वाक्य मी त्याच्या वडिलांना जसंच्या तसं सांगितलं, कारण यंत्र कसं चालतं ते त्यात पुरतं आलं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. दर वेळी दाणा मिळतो तेव्हा दाणा बंद झाल्यावर कबुतर लवकर थांबतं. दाणा कधी मिळतो, कधी नाही, आणि कधी मिळेल हे कळत नाही, तेव्हा ते टोचतच राहतं. खेळातली पैसे भरून उघडायची ही पेटी त्याच रीतीनं बांधलेली असते. बारा वर्षांच्या मुलानं तिच्यासमोर आपणहून थांबावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. मोठी माणसंही तिथं थांबत नाहीत.

शेजारच्यांनी आईंना सांगितलं होतं, "सरकारनं आता हे गेम बंद केलेत की." ते पूर्ण खरं नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं जो कायदा केला, त्यात पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या आशेनं खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आहे. दादा कुठं पैसे जिंकायला बसला नव्हता, तो शिपायाचे कपडे विकत घेत होता. ही गल्लत अनेक पालकांची होते, आणि कायदा झाला म्हणून ते निश्चिंत राहतात. सायबर फसवणुकीचा १९३० हा नंबरही इथं उपयोगाचा नव्हता, कारण पिन घरातलाच होता आणि बोट घरातलंच. पैसे परत मिळाले नाहीत.

फसलेले उपाय

माझ्याकडं येण्याआधी घरानं दोन उपाय करून पाहिले होते.

पहिला, लॉक बदलण्याचा. आईंनी नवा पॅटर्न ठेवला. दादानं तो दुसऱ्या दिवशीच उघडला. कसा, ते त्यानं मला अभिमानानं दाखवलं. दुपारी भाकरीबरोबर शेंगाचटणी असते. आईंच्या बोटाला चटणीचं तेल लागलेलं असतं आणि फोन वाजला की त्या तशाच हातानं उघडतात. फोन जरा तिरका धरला, उजेड काचेवरून घसरू दिला, की ठिपक्यांवरून गेलेली तेलकट रेघ स्पष्ट दिसते. सुरुवात कुठून तेवढी ओळखायची. मी फोन हातात घेऊन तिरका केला तर खरंच दिसली. वरून खाली, मग उजवीकडं.

दुसरा, फोन कपाटात बंद. हा चार दिवस टिकला. गणवेशाचा माल देणारे शेठ फोनवरच नग सांगतात, शाळेचा गृहपाठ ग्रुपवर येतो, पाणी किती वाजता येणार तेही ग्रुपवरच कळतं. सोलापुरात चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्याची वेळ चुकली तर काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. फोन बाहेर काढावा लागला. त्या चार दिवसांत दादा मित्राच्या ओट्यावर बसून त्याच्या फोनवर खेळला, रात्री साडेनऊला घरी आला आणि ट्यूशनचं खोटं कारण सांगितलं. फोनवरचं बंद झालंच नाही, उलट खोटं बोलणं नव्यानं सुरू झालं.

तिसरा उपाय वडिलांच्या मनात होता. रविवारी त्याला मागावर न्यायचं, "पैसा कसा मिळतो ते कळंल." याला मी साफ नकार दिला. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर लावणं गुन्हा आहे, हे एक. दुसरं, ज्या कामानं बापाचं घर चालतं ते काम मुलाला शिक्षा म्हणून दाखवायचं, यानं त्याच्या मनात बापाच्या कष्टाबद्दल काय उरेल? वडील गप्प झाले. हे दुसरं कारण त्यांना लागलं असावं.

"व्यसनच आहे मॅडम," ते म्हणाले. हा शब्द फार सहज वापरला जातो, म्हणून मी तो तपासून घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू आहे, खेळाचा विकार नोंदलेला आहे. त्याच्या खुणा तीन: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या वर खेळ जाणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं. आणि हे साधारण १२ महिने, इतकं की शाळा, घर, नाती कोलमडावीत. दादा शाळा बुडवत नव्हता, बहिणीला रोज हात धरून आणत होता, सहामाहीच्या आधीच्या चाचणीत त्याचे गुण फारसे उतरले नव्हते. त्याला रोगी ठरवणं चूक ठरलं असतं. खुणा जुळल्या असत्या तर मी वेळ घालवला नसता. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, तिथं फोन लावून पुढं मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं असतं.

कालनिर्णयावरचे आकडे

पहिल्या भेटीत मी एकच काम दिलं. फोन काढून घ्यायचा नाही, ओरडायचं नाही. रोज रात्री फोनच्या सेटिंगमधल्या 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये जाऊन दिवसभराचे तास बघायचे आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकटीत लिहायचे. चार आठवडे. वडिलांना हे पटलं नाही. पैसे गेले आणि मॅडम आकडे लिहायला सांगतात. आईंनी मात्र लिहिलं.

ऑक्टोबरमध्ये त्या कॅलेंडर खिळ्यावरून काढून, गुंडाळी करून घेऊन आल्या. मी ते टेबलावर पसरलं. प्रत्येक चौकटीत आधीच बरंच काही होतं: दुधाचा अर्धा लिटर, 'पा' म्हणजे पाणी येण्याचा दिवस, शेठला दिलेले नग, आणि ओळीनं सहा-सहा दिवस कोपऱ्यात बारीक 'रा'. त्याखाली निळ्या पेनानं फोनचे तास.

'रा' असलेल्या चौकटींत साडेपाच, सहा, सव्वासहा. 'रा' नसलेल्यांत दोन, पावणेदोन, सव्वादोन. चारही आठवडे हेच.

'रा' म्हणजे रात्रपाळी. मी विचारलं, रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी घरात काय होतं?

आईंनी सांगितलं ते असं. वडील सकाळी नऊला येतात, जेवून झोपतात, चारपर्यंत उठत नाहीत. मागाच्या खडखडाटात बारा तास उभं राहिलेल्या माणसाला झोप मिळाली पाहिजे, नाहीतर रात्री मागावर डोळा लागून हात जायचा. शिलाई मशीनचा आवाज होतो, म्हणून त्या आठवड्यात आई गठ्ठा उचलून जावेकडं शिवायला जातात. मुलं पाऊणला शाळेतून येतात. खोली एकच, तिच्यात वडील झोपलेले. भांडायचं नाही, मोठ्यानं वाचायचं नाही, चेंडू नाही, टीव्ही नाही. "मग मीच सांगून जाते," त्या म्हणाल्या, "पप्पा झोपलेत, आवाज करू नका, मोबाईल घ्या आणि कानात घालून बसा."

एवढं बोलून त्या थांबल्या. मीही काही बोलले नाही. कॅलेंडर आमच्या दोघींच्या मध्ये पसरलेलं होतं.

दादाला फोन खेळायला म्हणून कुणी दिलाच नव्हता. तो त्याला शांत बसायला दिला होता, दर दुसऱ्या आठवड्यात, रोज तीन-चार तास, घरच्यांनीच. बहीण त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून एका इयरफोनवर कार्टून बघायची. तिच्या वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं दिवसाला दोन तासांच्या आतली मर्यादा सांगितली आहे. कार्टून संपलं की दादा खेळ लावायचा. पाण्याच्या पिंपाशेजारच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, आवाज न करता. आज्ञाधारक मुलासारखा.

या प्रकरणातून मला स्वतःला जे शिकायला मिळालं ते इथंच. मी वर्षानुवर्षं पालकांना 'किती वेळ' विचारत आले होते. 'कधी' आणि 'कशाच्या जागी' हे फार कमी वेळा विचारलं होतं.

झोपायची जागा

आता दुपारचं काय करायचं? आधी मुलांना काकांकडं पाठवून पाहिलं. तिथं दिवसभर टीव्हीवर मालिका चालू असतात, म्हणजे पडदा तोच, फक्त मोठा. शाळेच्या ग्रंथालयात साडेचारपर्यंत थांबायची सोय मी मुख्याध्यापकांकडून करून घेतली. दादा तीन दिवस बसला, चौथ्या दिवशी भूक लागली म्हणून निघून गेला. त्याचं बरोबर होतं. सकाळी सातला डबा खाऊन आलेलं पोर दुपारभर पुस्तकावर कसं बसेल?

तोडगा दादानंच सुचवला. तिसऱ्या बैठकीला वडीलही आले होते. मी विचारलं, या आठवड्यात काय बदलता येईल? दादा मान खाली घालून म्हणाला, "पप्पांनी काकांच्या वरच्या खोलीत झोपायचं. मग आईला पण घरी शिवता येतंय."

वडिलांचा चेहरा उतरला. स्वतःच्या घरातून झोपायला बाहेर जायचं, तेही पोराच्या सांगण्यावरून. ते काही न बोलता उठून गेले. मला वाटलं, प्रकरण इथंच थांबलं.

आठ-दहा दिवसांनी आईंचा फोन आला. सोमवारी रात्रपाळीवरून आल्यावर ते जेवले, सतरंजी आणि उशी काखेत घेतली आणि काकांच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत गेले. काही बोलले नाहीत. दुपारी दादा आणि बहीण शाळेतून आले तर घरात मशीन चालू होतं आणि आई आत होती. "पोरगी इतकी मोठ्यानं बोलायली बघा मॅडम," त्या फोनवर म्हणाल्या, "मलाच दचकल्यासारखं झालं."

त्या आठवड्यातला सगळ्यात मोठा आकडा होता तीन तास दहा मिनिटं. उरलेल्या वेळात फार काही थोर घडलं असं समजू नये. गल्लीत टेनिस बॉलवर क्रिकेट, बहिणीबरोबर सागरगोटे, आणि बराच वेळ नुसतं आईच्या मशीनशेजारी बसून बडबड.

फोनला लावलेले नियम

यानंतरच मी नियमांचं बोलले. आधी बोलले असते तर ते कपाटाच्या कुलपासारखेच ठरले असते. नियम फोनला लावायचे, असं ठरवलं. फोन कुठं राहील, कधी झोपेल, पिन कुणाकडं असेल. घरात जो फोन वापरतो त्याला ते लागू.

रात्री साडेआठनंतर घरातले सगळे फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर, पितळी डब्यात. इथं आजीनं जोर लावला. आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. त्या म्हणाल्या, "मिलचा भोंगा झाला की अख्खी चाळ उठायची. भोंगा एकट्यासाठी नसायचा." सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ पासून संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला, दीड तास सगळ्या गावाचे टीव्ही-मोबाईल बंद, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, मग आपल्या घराचा भोंगा कोण वाजवणार? बहीण वाजवते. साडेआठला ताटावर चमचा.

वडिलांना हा नियम सर्वांत जड गेला. दिवसपाळीच्या आठवड्यात रात्री घरी आल्यावर अंथरुणावर पडून छोटे व्हिडिओ बघणं हीच त्यांची करमणूक होती. बारा तास राबलेल्या माणसाला ती नाकारताना मलाही वाईट वाटत होतं. त्यांच्यासाठी वेळ साडेनऊ केली, मुलांसमोर, कारण सांगून. दादाला ते पटलं.

पैशांचं काम वेगळं. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीच्या आधी पासवर्ड मागण्याची सोय असते, ती चालू केली. पिन बदलायचा होता. मी दादाला सांगितलं, तू आईला शिकव आणि तोंड भिंतीकडं करून बस. माझ्याच खोलीत झालं हे. कुठं दाबायचं, मग काय येईल, सहा आकडे, परत सहा आकडे, हे तो भिंतीकडं बघत सांगत होता. आईंच्या तर्जनीला सुईचे बारीक काळे टोचे होते. एका आकड्यापाशी बोट थांबलं, परत पहिल्यापासून सुरुवात केली. झालं तेव्हा दादानं न वळता विचारलं, "हिरवी खूण आली का?" आली होती. लाईट बिल आता आई स्वतः भरतात.

त्याचं जाणकारपण काढून घ्यायचं नव्हतं. आईंच्या नगांचा हिशोब तो आता फोनवरच्या तक्त्यात ठेवतो. किती आले, किती गेले, शेठकडून किती येणं. दिवसाला दहा मिनिटांचं काम. नोव्हेंबरात त्यानं चाळीस नगांची चूक शोधली, शेठच्या वहीत कमी लागले होते. शेठनी मान्य केलं. गेलेले पैसे त्यानं फेडायचे का, यावर घरात वाद झाला. मी म्हटलं, फेडायचे नाहीत, पण भिशीचा हप्ता दर महिन्याला आईंबरोबर काकूंकडं जाऊन स्वतःच्या हातानं द्यायचा. काकूंच्या समोर उभं राहणं त्याला पहिल्या महिन्यात फार अवघड गेलं.

'अभ्यासाला पाहिजे' हे त्याचं जुनं कारणही मी खोटं ठरवलं नाही. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत. पुस्तकांत कोड आणण्याच्या कामासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. आपल्या पोरांनी फोनला घाबरावं असं कसं म्हणू? आम्ही दोघांनी विज्ञानाच्या पुस्तकावरचा कोड उघडला, व्हिडिओ पाहिला, बंद केला. घड्याळ लावून अकरा मिनिटं. "अभ्यासाला एक तास लागतो" असं तो आईला सांगायचा. त्याचं त्यालाच हसू आलं.

खेळ पूर्ण बंद झालेला नाही. शनिवारी-रविवारी एक-एक तास, सगळ्यांसमोर बसून, इयरफोनशिवाय. दोनदा नियम मोडला. एकदा मित्राच्या घरी, तो त्यानं स्वतः सांगितला. दुसऱ्यांदा बहिणीनं सांगितलं. संक्रांतीला चौघं होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेला गेले तेव्हा फोन एकच नेला, वडिलांचा, आणि पाळण्यात बसताना तो आईंच्या पिशवीत होता.

जे अजून सुटलेलं नाही

काकांची वरची खोली पत्र्याची आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथं छान झोप लागते. सोलापूरच्या एप्रिलमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, तेव्हा दुपारी त्या पत्र्याखाली माणूस झोपू शकत नाही. त्यात मार्च ते जून हा गणवेशाचा हंगाम, आईंचं मशीन रात्रीपर्यंत चालणार. शिवाय मे महिन्यात शाळाही नाही. म्हणजे ज्या खोलीतून ही गोष्ट सुरू झाली, तिथं वडील पुन्हा झोपायला येणार, आणि या वेळी दिवसभर मुलंही तिथंच असणार. मी त्यांना मार्चच्या पहिल्या आठवड्यात बोलावलं आहे.

फेब्रुवारीत दादा एकटाच येऊन गेला. नव्या कालनिर्णयाची एप्रिल-मेची पानं त्यानं सोबत आणली होती. रात्रपाळीचे आठवडे त्यानं आधीच लाल पेनानं आखून ठेवले होते, आणि हिशोबाच्या तक्त्यात एक नवा रकाना उघडला होता. वर लिहिलं होतं: कूलर, जुना चालेल.